तुलनेचा पट्टा

पैठणजवळच्या सांडूभाऊच्या मक्यात कृषी संशोधक विशाखाने एकाच पट्ट्याला भरपूर युरिया द्यायला सांगितलं होतं. ड्रोनच्या फोटोत त्या पट्ट्याशी तुलना केली, की बाकीच्या पिकाला किती नत्र हवं ते कळणार होतं. आज पाहते तर सगळं शेत सारखंच गडद हिरवं.

“सांडूभाऊ, बाकीच्याला युरिया कोणी टाकला? सगळी चाचणी वाया गेली!” ती ओरडली.

“मीच टाकला. तुमचा पट्टा धाकट्या भावाच्या वाटणीत गेला. त्याचा मका हिरवागार अन् माझा पिवळा, हे रोज बघत बसू व्हय?”

“वाटणी? मग मधे बांध कुठंय?”

“आई हाय तवर घालायचा नाय,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “अन् वरडू नका, मॅडम. ती पलीकडं खुरपतीय. तिला वाटणीचं ठावं नाय.”