एक भारदस्त वाक्य

हमालांनी कपाट उचललं, तेव्हा त्याच्या एका पायाखालून पुस्तक निघालं.

भाचेजावयांनी ते उचलून मांडीवर आपटलं, धूळ झाडली आणि ते मोठ्यानं हसले. "मामा, हे तुमचंच की! अहो, कपाट सारखं डुगडुगायचं. पुठ्ठे घालून झाले, फळीचा तुकडा घालून झाला. शेवटी तुमचं पुस्तक अगदी मापात बसलं."

खुर्च्या सकाळीच विकल्या गेल्या होत्या, म्हणून मामा एका खोक्यावर बसले होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं. मुखपृष्ठावर कपाटाच्या पायाचा चौकोनी वळ उमटला होता, नेमका अनुवादकाच्या नावावर. ती परकी कादंबरी मराठीत आणण्यात मामांची उमेदीची वर्षं गेली होती. दुसरं पुस्तक काही त्यांच्या हातून झालं नाही. ही प्रत त्यांनी भाचीला तिच्या लग्नात दिली होती.

"म्हणजे वजनदार साहित्य हो!" जावई म्हणाले. एक हमालही हसला.

मामाही हसले. अशा ठिकाणी हसायचं असतं, म्हणून ते जन्मभर हसत आले होते.

भाची स्वयंपाकघराच्या दारात बसून पेले कागदात गुंडाळत होती. ती हसली नाही. नवऱ्याला परदेशात मोठी जागा मिळाली, म्हणून तिनं गेल्याच आठवड्यात आपल्या नोकरीचा राजीनामा दिला होता. "तिथे तुला काय करायचंय? घर लाव, मजा कर," असं त्यानं तिला सांगितलं होतं. आता ती कानात इयरफोन घालून तिकडची भाषा शिकत होती. अजून घरातल्या वस्तूंपुढे तिची गाडी गेली नव्हती.

"तर मामा, तुम्हाला बोलावलं ते यासाठी," जावई दुसऱ्या खोक्यावर टेकले. "पुढच्या सोमवारी माझा तिथला पहिला दिवस. सगळं ऑफिस जमणार, साहेब माझी ओळख करून देणार. त्या वेळी मला एक वाक्य त्यांच्या भाषेत टाकायचंय. भारदस्त. फोनवर मिळतं ते अगदीच शाळकरी वाटतं. तुम्ही त्याच भाषेतलं एवढं पुस्तकच्या पुस्तक केलंयत, एक वाक्य नाही का देणार?"

"बघतो," मामा म्हणाले.

"बघतो नाही, पक्कं हवं. गेल्या सुट्टीत आम्ही तिकडे गेलो होतो ना, तेव्हा साहेबांनी जेवायला नेलं होतं. मी आपला रुबाबात वेटरला 'शुभ रात्री' म्हणालो. भर दुपारी! सगळं टेबल हसलं. मला काहीही चालतं मामा, पण चारचौघांत कुणी हसलेलं खपत नाही."

"हो. ते वाईटच."

"अर्थ असा हवा, की आपल्यासोबत काम करायला मिळालं हे माझं भाग्य."

मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आपल्याला काही जमेल याची त्यांना कधीच खात्री नसायची. मग त्यांनी पुस्तकावरच्या त्या चौकोनावरून अंगठा फिरवला आणि एक वाक्य म्हटलं. लांबलचक, शेवटाला कमरेत वाकल्यासारखं.

"वा! ऐकायलाच दणकट आहे."

मामा तुकडे पाडून देऊ लागले आणि जावई येरझाऱ्या घालत ते घोकू लागले. जावयांची जीभ लवकर वळली. मामाच आतून धास्तावले. किती वर्षांत ती भाषा तोंडात आली नव्हती. 'आपलं कपाट डुगडुगत असेल, तर मला त्याच्या पायाखाली ठेवा,' असं त्यांनी सांगितलं होतं. ठेवा, की ठेवावं? एवढ्या मोठ्या मंडळींसमोर नुसतं 'ठेवा' बरं दिसणार नाही.

"शेवट जरा आदरार्थी घेऊ," ते म्हणाले आणि क्रियापद बदलून दिलं.

जावयांनी नवा शेवट लावून वाक्य म्हणून पाहिलं.

दारातली कागदाची सळसळ थांबली. भाचीनं इयरफोन कानातून काढले होते.

"काय म्हणालास? पुन्हा म्हण बघू."

त्यानं पुन्हा म्हटलं. भाचीचे ओठ त्याच्या मागोमाग हलले आणि मध्येच थबकले. तिनं दरवाजाकडे पाहिलं. हमाल कपाट तिरकं करून जिन्यात घेत होते. मग तिची नजर मामांच्या मांडीवरच्या पुस्तकावर येऊन थांबली.

मामांनी मुखपृष्ठावर तळवा ठेवला. कपाट, आणि पाय. एवढे दोन शब्द तर तिला नक्कीच येत असणार.

"काय गं? बरोबर आहे ना?" जावयांनी विचारलं. "तू पण शिकतेयस ना ते?"

मामा फरशीकडे बघत राहिले. ऐन वेळी आपलं सगळं फसतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. माफी कुठल्या शब्दांत मागावी, याचीही जुळवाजुळव त्यांनी मनात सुरू केली.

भाचीनं हातातला पेला कागदात गुंडाळला. कडा नीट आत दुमडल्या.

"अर्थ छानच आहे," ती म्हणाली. "पण तू पुटपुटतोस. मागच्या रांगेतल्यांना काय कळणार? जरा मोठ्यानं म्हण."

जावयांनी छाती भरून घेतली. रिकाम्या घरात ते वाक्य असं घुमलं, की अर्ध्या जिन्यात कपाट पेलून उभे असलेले हमालसुद्धा मान वळवून पाहू लागले.