तांदळातलं नाव

"बायकोचं नाव सांगा," दुभाषी बाई म्हणाल्या.

शंभूराज कोकरे खुर्चीत सावरून बसला. लंडनच्या विमानतळावर एका बिनखिडकीच्या खोलीत त्याला बसवलं होतं. समोर गोरा साहेब, शेजारी मराठी जाणणाऱ्या या बाई. साहेबाला शंका होती, हे लग्न नुसतं कागदावरचं आहे. बायको खरी ठरली तर आत, नाहीतर आल्या वाटेनं मुंबई. आणि ती बायको भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये त्याची वाट बघत उभी होती.

आता नाव सांगण्यात अवघड ते काय? पण शंभूराजच्या बायकोला नावं होती दोन. पासपोर्टावर फियोना मॅक्रे. मेंढ्यांचा अभ्यास करायला ती इंदापूर तालुक्यात कळसला आली, कोकऱ्यांच्या मेंढरांमागं दोन वर्षं हिंडली, मराठी शिकली आणि ब्याण्णव साली शंभूराजच्या गळ्यात माळ घालून मोकळी झाली. रीतीप्रमाणं नवरीचं नाव बदललं. शंभूराजनं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं, विजयमाला. ती खो खो हसली. पुढं घरात तिला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

मग नोकरीसाठी ती मायदेशी गेली. आधी दर आठवड्याला पत्र यायचं, मग महिन्याला. गाव काय गप्प बसतंय होय! "गोरीचा अभ्यास झाला, गोरी पास झाली, गेली. नवरा म्हंजी तिच्या अभ्यासातला एक धडा रं," सोपानतात्या चारचौघांत म्हणाले. शंभूराजनं हसण्यावारी नेलं, पण ते त्याला लागलं. नाव लिहिताना ती कशी हसली होती, तेही सारखं आठवायला लागलं. तिनं बोलावलं तसा तो निघाला. गावाला सांगितलं, महिनाभर राहून येतो. खरं काय बघायला चाललाय, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

बारामतीचा दत्तोबा एकदा दुबईला जाऊन आलेला. निघताना त्यानं बजावलं होतं. "तितं घरचं नाव घ्यायचं न्हाय. इजयमाला म्हनलास की खेळ खलास. पासपोर्टावरचं नाव सांगायचं. घोकून ठेव." शंभूराजनं बारामती ते मुंबई एसटीत घोकलं. परक्याच्या बायकोचं नाव घेतल्यासारखं वाटत होतं, तरी घोकलं.

"फियोना मॅक्रे," तो आता म्हणाला. अगदी खणखणीत.

"आणि घरी काय म्हणता?"

"घरी बी फियोनाच. समदी फियोनाच म्हनत्यात."

साहेब उठला. तेच प्रश्न तिला विचारायला बाहेर गेला. शंभूराज निवांत झाला. आईनं सुनेसाठी शेंगदाण्याचे लाडू दिले होते, तो डबा उघडून त्यानं एक लाडू बाईंपुढं धरला. त्यांनी घेतला नाही.

साहेब परत आला तो कपाळाला आठ्या घालून. बराच वेळ इंग्रजीत बोलला. ऐकता ऐकता बाईंचा चेहरा पडला.

"तुमच्या बायकोनं स्वतःचं नाव विजयमाला शंभूराज कोकरे सांगितलं. साहेबांनी पासपोर्ट बघितला, तरी हटल्या नाहीत. म्हणाल्या, 'ते नाव आईबापांनी ठेवलेलं, हे नवऱ्यानं. आमच्या घरात माझं दुसरं नाव नाही. आत बसलेला माणूस मला फियोना म्हणत असेल, तर तो माझा नवराच नव्हे. तुम्ही दुसऱ्याच कुणाला धरलंय. नीट बघा.'"

शंभूराजनं लाडवांचा डबा बंद केला.

"साहेब म्हणतात, ज्यांचं बायकोच्या नावावर एकमत नाही, ते कसले नवराबायको? तुम्हाला परत जावं लागेल, आजच." बाईंना खरंच वाईट वाटलं होतं. "अहो, खरं ते का नाही सांगितलंत? आता उपयोग नाही. पण काही म्हणायचंय का तुम्हाला?"

शंभूराज हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. साहेबाला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

"सायबास्नी सांगा, खुशाल परत धाडा," शंभूराज म्हणाला. "मी हितं ऱ्हायला आलोच न्हवतो. मला बायकू हाय का न्हाय, येवढंच बघाया आलो हुतो. हाय."