दोन कंट्रोलर

"कन्सोल म्हणजे नुसता पोरखेळ रे! कॉम्प्युटर घे, जन्माला पुरेल," दिनानाथ म्हणाला. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात गिऱ्हाईक तो होता आणि मालाची तरफदारीही तोच करत होता. दुकानदार आपला पंख्याखाली निवांत उभा होता.

यशने दोन्ही हातांत कंट्रोलर धरला होता. दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून बार्शीच्या आजोबांनी पैसे पाठवले होते. दसऱ्याला घेऊ, असं घरात ठरलं होतं. काय घ्यायचं, तेवढं मात्र ठरत नव्हतं.

"कन्सोल टीव्हीला जोडला की झालं, बाबा. याच्याबरोबर दोन कंट्रोलर मिळतात. सोफ्यावर बसून दोघांना खेळता येतं. कॉम्प्युटरपुढे एकट्यानेच बसायचं."

"दोघं? घरात तुझ्याबरोबर खेळायला कोण रिकामं बसलंय?"

यशने त्याच्याकडे पाहिलं. कंट्रोलरची बटणं उगाच दाबली. मग म्हणाला, "कुणी नाही."

दिनानाथला जोर चढला. कॉम्प्युटरवर गेम स्वस्त पडतात, ग्राफिक्स कार्ड पुढे बदलता येतं, कोडिंग शिकता येतं, कॉलेजात हाच उपयोगी पडेल. मुद्दे सगळे खरे होते. खोटं एवढंच होतं, की यातलं काहीही तो यशसाठी बोलत नव्हता.

ऑगस्टमध्ये कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. लॅपटॉप त्याच दिवशी काढून घेतला. दसऱ्यानंतर एका ठिकाणी त्याची परीक्षा होती. घरून द्यायची, कॅमेरा लावून, स्वतःच्या मशीनवर. बायकोला, अर्चनाला, त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. एकदा नोकरी लागली की सांगू, हसत हसत सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. तोवर रोज सकाळी ती बँकेत निघाली की तोही ऑफिसची बॅग खांद्याला अडकवून निघायचा आणि कोट्टूरपुरमच्या लायब्ररीत जाऊन बसायचा. बॅग रिकामी वाटू नये म्हणून आत एक जाडजूड जुना ॲटलास कोंबलेला असायचा.

पोराच्या बक्षिसावर डोळा ठेवणारा बाप! त्याची त्यालाच लाज वाटत होती. पण लाजेने परीक्षा देता येत नाही.

"बरं, कॉम्प्युटर घेऊ," यश अचानक म्हणाला आणि कंट्रोलर काउंटरवर ठेवून दिला. दिनानाथने त्याच्या पाठीवर थाप मारली. पटवलं एकदाचं पोराला, असं त्याला वाटलं. परतताना मेट्रोत खोकी मांडीवर घेऊन तो नको तितका बोलत होता.

खंडेनवमीला अर्चनाने पहाटेपासून घर डोक्यावर घेतलं. इकडची, दक्षिणेतली आयुधपूजा आणि आपली खंडेनवमी एकाच दिवशी येते, म्हणून तिचा उत्साह दुप्पट असायचा. पाटावर कात्री, विळी, स्क्रूड्रायव्हर, यशची पुस्तकं, तिचं बँकेतलं पेन. नवा कॉम्प्युटर झेंडूची माळ घालून मधोमध.

"अहो, तुमचा लॅपटॉप आणा की! तुमचं मुख्य हत्यार कुठाय?"

दिनानाथ आत गेला. त्याने बॅग आणली आणि चेन बंद ठेवूनच पाटावर टेकवली. "राहू दे आतच. ऑफिसने नवीन नियम काढलाय, बाहेर कुठे काढायचा नाही."

"अय्यो, देवासमोरसुद्धा नाही? धन्य तुमचं ऑफिस!" ती हसली. तिने बॅगेला हळदकुंकू लावलं, चेनीवर अक्षता टाकल्या आणि डोळे मिटून हात जोडले. "हिच्या जिवावर घर चाललंय आपलं. आज हिला हात लावायचा नाही हं, सुट्टी तिला."

मग ती स्कूटरची पूजा करायला आणि दृष्ट लागू नये म्हणून गेटापाशी कोहळा फोडायला खाली गेली.

दिनानाथ कुंकवाने माखलेल्या त्या बॅगेकडे बघत उभा राहिला. त्याला शिसारी आली, स्वतःचीच.

यशने कॉम्प्युटरपुढचा कीबोर्ड उचलला आणि बॅगेशेजारी, बापाच्या हत्याराच्या जागी ठेवला. वर एक फूल ठेवलं.

"अरे, तो तुझा आहे ना?"

"तुम्हालाच लागेल तो," यश हळू आवाजात म्हणाला. "मी पाहिलंय तुम्हाला, बाबा. सप्टेंबरमध्ये माझ्या मित्राबरोबर, रंगाबरोबर, लायब्ररीत गेलो होतो. तुम्ही खिडकीपाशी ॲटलास उघडून बसला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघितलं. तुम्ही तिथेच होता. डबा बाहेर पायरीवर बसून खाल्लात."

 खालून अर्चनाची हाक आली, "या रे दोघं, कोहळा फोडायचाय!"

"आलो गं आई!" यश ओरडला. मग बापाकडे न बघता, कीबोर्डवरचं फूल उगाच नीट करत म्हणाला, "परीक्षेचं मला माहीत नव्हतं. ते काल तुमच्या मोबाइलवर आलेलं दिसलं. माहीत असतं तर दुकानात एवढं ताणलंच नसतं मी."

"मग कन्सोलचा हट्ट कशाला धरला होतास रे?" दिनानाथने कसंबसं विचारलं.

"मला आता पूजेची सुट्टी आहे ना. दुपारी घरी आपण दोघंच. म्हटलं, कन्सोल असला तर तुम्ही तिथे एकटे बसणार नाही, घरी याल. आई बँकेतून यायच्या आत मी तुम्हाला बॅग देऊन खाली पाठवलं असतं, ऑफिसातून आल्यासारखं परत यायला. तिला कधी कळलंच नसतं."