शिवाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून पेढे वाटणारं इंद्रलोक सोसायटीतलं ते पहिलंच घर असावं. अंबिकाबाईंनी आधी देवापुढे ठेवले, मग तळमजल्यावरच्या हंसाबेनना दिले.

"अपना शिवा पागल नहीं है, हंसाबेन. दिमाग में सूजन है."

अकरा वर्षं अंबिकाबाईंचा शिवा बायपोलरच्या गोळ्या घेत होता. कधी तीन-तीन दिवस झोपायचा नाही, कधी महिनाभर अंथरूण सोडायचा नाही. नव्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला पाठवलं. शरीराची राखण करणारी फौजच मेंदूवर उलटली होती. असं क्वचित निघतं, गोळ्या मनाने बंद करू नका, असंही त्यांनी बजावलं. ते अंबिकाबाईंनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

शिवापायी त्याच्या बहिणीची, क्षितिजाची, तीन स्थळं मोडली होती. आता ती चौतिशीची होती आणि निहार तिला मनापासून आवडला होता. हे स्थळ आणणाऱ्या हंसाबेननी भावाचं सगळं सांगूनही निहारची आई, आशाताई, नवघरहून दोनदा येऊन गेल्या. शिवाजवळ बसल्या, "या गोळ्यांवर पाणी भरपूर पितोस ना रे?" म्हणाल्या. केवढं मोठं मन! तरी अंबिकाबाईंना धाकधूक होतीच. सुपारी फुटेपर्यंत सगळेच गोड बोलतात.

रविवारी मायलेक साखरपुड्याची तारीख काढायला आले, तेव्हा पेढ्यांआधी रिपोर्टच पुढे आला.

"आमच्याकडे तसलं काही नाही बरं का," अंबिकाबाई म्हणाल्या. "वेडाचा डाग नाही घराण्याला."

निहारने क्षितिजाकडे पाहिलं. "आणि तसंच असतं तर?"

हा परीक्षेचा प्रश्न आहे, हे क्षितिजाने ओळखलं. उत्तर तिला पाठ होतं. तीन स्थळांनी शिकवलं होतं. आतल्या खोलीत शिवा ऐकत होता, तरी ती बोलली.

"तसल्या माणसापाशी कोण राहील? भाऊ म्हणून सोसलं. नवरा असता तर दुसऱ्या दिवशी निघून आले असते."

निहार उठला, चपला घातल्या आणि जिना उतरू लागला.

"अहो, काय झालं? पेढा तरी..." अंबिकाबाई गडबडल्या.

आशाताईंनी पर्स उचलली. "शिवामुळेच तर तुमचं स्थळ धरून बसलो होतो, अंबिकाताई. आज सगळं सांगायचं ठरवून आलो होतो. निहारला सहा वर्षांपासून बायपोलर आहे."