विषम गडी

ऐका राव, आमच्या फिलिपिन्समधल्या इलोइलोतलं सांगतो. मयतावरनं थेट घरी गेलं की मेलेला मागोमाग येतो, म्हणून वाटेत कुठंतरी थांबून त्याला तिथंच सोडायचं असतं. दोस्ताला, रोडेलला, पोचवून अर्नेल थांबला तो तेसीमावशीच्या दुकानातल्या पत्त्यांच्या स्पर्धेत. "तुला हरवूनच जाईन लेका," असं रोडेल कायम म्हणायचा. कोण कुणाशी खेळणार त्याच्या जोड्या लावणारं सॉफ्टवेअर अर्नेलनंच बनवलेलं, आणि त्यातनं रोडेलचं नाव त्यानं सकाळीच पुसलं होतं.

"गडी विषम झालेत," तेसीमावशी म्हणाली. "उशिरा आलास, आता तूच एकटा उरशील बघ."

"बरंय की मावशे, आज खेळावंसंच वाटत नाही."

त्यानं बटण दाबलं.



पडद्यावर जोड्या आल्या, एकटं कुणीच उरलं नव्हतं. शेवटच्या टेबलावर अर्नेल, समोर रोडेल. तुम्ही जरा वाकून बघता का हो, ती समोरची खुर्ची अजून रिकामीच आहे ना?