वेल्डरची हमी

सुताराने भुशाचं घमेलं मुद्दाम वेल्डरच्या उंबऱ्यावर उपडं केलं, आणि समोर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या हवालदाराला ठसका लागला. आता भडका उडणार!

वेल्डरच्या हातात लोखंडी गज होता. त्याने सुताराकडे पाहिलं, गज खाली ठेवला, झाडू घेतला आणि उंबरा झाडून काढला. मग शटर ओढून दुकानावरच्या घरात निघून गेला. थोड्याच वेळात वरून रेडिओ मोठ्याने वाजू लागला.

"मानलं बुवा!" हवालदार म्हणाला.

मानण्यासारखंच होतं. हा गडी म्हणजे एक घाव दोन तुकडे. गेल्या वर्षी त्याने सुताराचे दात घशात घातले होते, अगदी खरेखुरे. न्यायाधीशबाईंनी त्याच्याकडून वर्षभराच्या शांततेची हमी लिहून घेतली: कोणावरही हात उचलायचा नाही. उचलला, तर हमीची रक्कम जप्त आणि वर तुरुंग. लक्ष ठेवायचं काम हवालदाराकडे आलं. "दोन महिने टिकला तरी खूप," असं तो तेव्हा चौकीत म्हणाला होता. आता मुदत संपत आली होती आणि त्याला आपल्याच बोलण्याची लाज वाटत होती.

दर महिन्याला तो गल्लीत विचारत फिरे. टपरीवाला, शिंपी, खुद्द सुतार. "काही तक्रार?" कोणाचीच नसे. सुतार तर हिरमुसून म्हणायचा, "दगड झालाय हो! किती डिवचा, ढिम्म हलत नाही."

चौकशी आटोपली की वेल्डर त्याला वर चहाला नेई. या खेपेला वेल्डरच्या बायकोने कप डाव्या हाताने पुढे केला. उजव्या मनगटाला पट्टी होती.

"काय झालं, वहिनी?"

"भाजलं," वेल्डर म्हणाला. "वेंधळी आहे."

"जपा हो. आणि गाण्यांची भारी आवड दिसते तुम्हाला. पार टपरीपर्यंत ऐकू येतात."

"यांना आहे," ती म्हणाली.

"बरं, एक सांगा, या वाघाची शेळी केलीत तरी कशी?"

ती जराशी हसली. "शांत झालेत, असं सगळे म्हणतात खरं."

"म्हणतात काय? अहो, माझा मुलगा चिडला की मी त्याला सांगतो, वेल्डरकाकांकडे बघ!" मग निघताना त्याने वेल्डरच्या कानात सल्ला दिला. "कोर्टात वहिनींना घेऊन या. घरचं माणूस सोबत दिसलं की बरं पडतं."

मुदत संपायच्या दिवशी अर्धी गल्ली कोर्टात लोटली. वेल्डर बायकोला घेऊन आला होता. हवालदाराने गणवेशाला कडक इस्त्री केली होती, जणू बक्षीस त्यालाच मिळणार होतं.

"हमी मोडली असेल, तर शिक्षा आजही होईल," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "कोणावर हात उचलला यांनी?"

"कोणावरही नाही, बाईसाहेब!" हवालदाराचा ऊर भरून आला होता. "असा संयमी माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. दर महिन्याला एकेकाला विचारलंय."

सुतारानेही मुकाट्याने मान डोलावली. बाईंनी सही करायला पेन उचललं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून वेल्डरची बायको उभी राहिली.

"भाऊजी, मला कधी विचारलंत?"