शेवटचे चाळीस सेकंद

गाणं तिसऱ्या, शेवटच्या कडव्याला आलं तसा ॲड्रियन थ्रेलफॉल सरांनी व्हिडिओ थांबवला. पडद्यावर कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावाच्या तळाशी एक तरुणी उभी होती. अंगात कुणाचा तरी ढगळ ओव्हरकोट, पायांत रबरी बूट, ओठ अर्धवट उघडे.

"आता नीट बघा," सर म्हणाले. "गाण्याचे शब्द एक आणि ओठ भलतेच. असं का केलं असेल?"

"बाई शब्द विसरल्या, सर," मागून कीरन म्हणाला.

वर्ग हसला, सरही हसले. दर वर्षी कुणी ना कुणी हे म्हणायचंच. मग ते फळ्याकडे वळून मुद्दे लिहायला लागले. मोठ्या कंपन्या ओठ आणि शब्द तंतोतंत जुळवून घेतात. कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणारे इंडी बँड मुद्दाम जुळवत नाहीत, आम्ही तुम्हाला फसवत नाही असं ते प्रेक्षकाला सांगत असतात. थरथरणारा कॅमेरा, उसना कोट, ओसाड जागा, सगळ्याचा अर्थ तोच.

"सर, इकडे तोंड करून बोला ना," पहिल्या बाकावरून फर्न म्हणाली.

सर लगेच वळले. फर्नचं हे असंच. सप्टेंबरात कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यात तिने सरांना मिशी कातरायला सांगितली होती. वीस वर्षं जपलेली झुपकेदार मिशी सरांनी त्याच संध्याकाळी निमूटपणे कातरली आणि मग महिनाभर गावाची थट्टा सोसली. कुणी काही मागितलं की सर देऊन मोकळे व्हायचे. स्वतः काही मागणं मात्र त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

त्यांनी व्हिडिओ पुढे सुरू केला. कडवं संपलं. तरुणी कॅमेऱ्याकडे बघत राहिली, मग किंचित हसली, तिने खाली पाहिलं आणि चालत चौकटीबाहेर गेली. नुसता रिकामा तलाव दिसत राहिला, रीळ संपेपर्यंत, चांगले चाळीस सेकंद.

"दुसऱ्या कुणी इथे कॅमेरा बंद केला असता," सर म्हणाले. "मी नाही केला."

हे वाक्य ते दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी त्यांची छाती थोडी फुगायची. व्हिडिओ त्यांनीच काढला होता, सव्वीस वर्षांपूर्वी, भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्यावर. रीळ एकच होतं. कॅमेऱ्यात आवाज भरायची सोय नव्हती, म्हणून टेपवर गाणं लावायचं आणि त्यांच्या बँडच्या गायिकेने, बेव्हने, नुसते ओठ हलवायचे. समुद्रावरून वारा असा सुटला होता की चार हातांवरचं ऐकू येत नव्हतं. शिवाय सरांचा सगळा जीव भिंगात. चित्र धूसर होऊ नये एवढीच काळजी.

रीळ धुऊन आलं तेव्हा दोघांनी मिळून पाहिलं. "पाहिलंस?" बेव्हने विचारलं होतं. सर म्हणाले, शेवटच्या कडव्यात शब्द चुकलेत, पण असू दे, ती स्टाईल वाटते. बेव्ह त्यांच्याकडे बघत राहिली, मग पोट धरून हसली. "हो रे बाबा, स्टाईलच ती," ती म्हणाली.

तेव्हाही त्यांचं तिच्यावर प्रेम होतं आणि आजही होतं. बँड दोन वर्षांत मोडला. बेव्हने किनाऱ्यावर लोकरीचं दुकान काढलं, सर कॉलेजात शिकवायला लागले. लग्न तिने केलं नाही, यांनीही नाही. दर गुरुवारी दोघं समुद्राकडे तोंड करून बाकावर बसायची आणि मासा आणि चिप्स खायची. दुकानवाला सरांचे मटार हटकून विसरायचा. सर तसेच खायला लागायचे, बेव्हच उठून घेऊन यायची.

या गुरुवारी मटार आणून झाल्यावर तिने सांगितलं, दुकान विकलं. शनिवारी सकाळच्या गाडीने आणि पुढे बोटीने ती बहिणीकडे निघणार होती, आयर्लंडला, कायमची.

सरांच्या घशाशी एकच शब्द आला होता, थांब. बाहेर पडलं ते भलतंच. बोट हलते, उलटीची गोळी घेऊन ठेव, असं त्यांनी सांगितलं.

"बरं," बेव्ह म्हणाली. "आणखी काही?"

"मफलर घे," सर म्हणाले.

शुक्रवारी दुपारी ते शिक्षकांच्या खोलीत वर्गाचे निबंध तपासायला बसले. लक्ष लागत नव्हतं. उद्या सकाळी स्टेशनवर जायचं आणि बॅगा उचलून द्यायच्या, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. त्यापलीकडे त्यांची धाव जात नव्हती. कीरनने दोन पानं भरून उसना कोट आणि ओसाड जागा यांवर लिहिलं होतं. बाकीच्यांनी कमी अधिक तेच.

फर्नचा निबंध जेमतेम अर्धं पान. ‘संगीताबद्दल एक शब्दही नाही?’ असं सरांनी सवयीने लाल शाईत लिहिलं, मग स्वतःच्या मूर्खपणाला शिव्या देत ते खोडलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

‘सर, मला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे ओठ गाण्याशी जुळत नाहीत हे मला तुम्ही सांगितल्यावरच कळलं. मला हे तंत्र वाटत नाही, कारण शेवटच्या कडव्यात त्या गातच नाहीयेत. खात्री करायला मी चौदा वेळा पाहिलं. त्या म्हणतात, "ॲड्रियन, तू काही विचारणार नाहीस, म्हणून मीच विचारते. लग्न करशील माझ्याशी? हो असेल तर कॅमेरा बंद कर."’